सावळघाट ते साल्हेर : जुन्या डिझेल जीपबरोबर चार दिवस

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात नाशिकहून निघून पेठ, सुरगाणा, हतगड, कळवण, सटाणा असे वळण घेत साल्हेरच्या पायथ्यापर्यंत जायचे आणि चौथ्या दिवशी देवळा-चांदवडमार्गे परतायचे, असा बेत मी आणि काकांनी दिवाळीतच ठरवला होता. वाहन म्हणजे आमची पंचवीस वर्षांहून जुनी डिझेल जीप. चार सिलिंडरचे प्री-चेंबरचे इंजिन, यांत्रिक रोटरी पंप, पुढे-मागे कमानपाटे, गिअरच्या दांड्याशेजारी फोर व्हीलचा दुसरा दांडा आणि पुढच्या चाकांना हाताने फिरवून लॉक करायचे हब (चाक आतल्या शाफ्टला जोडणारे), असा तिचा सगळा संसार आहे. तिच्यात संगणक नाही, सेन्सर नाहीत. त्यामुळे बिघाड शोधायला कान, नाक, बोटे आणि एक टेस्ट लॅम्प एवढे पुरते, मात्र त्यांचा उपयोग करण्याची सवय लागते. काकांना ती सवय एस.टी.च्या कार्यशाळेत फिटर म्हणून केलेल्या नोकरीने लावली आहे. त्यांचे म्हणणे असे की जुनी गाडी अचानक फार क्वचित बंद पडते. ती आधी दोन-तीनदा सांगते, आपण त्या वेळी दुसरेच काहीतरी ऐकत असतो. या प्रवासात त्याची प्रचिती मला आली, म्हणून जसे घडले तसे दिवसवार लिहून ठेवतो आहे.

निघण्याच्या आदल्या दिवशी वडाळा नाक्याकडे जाऊन सामान घेतले. फॅन बेल्ट, डिझेल फिल्टर, दोन हीटर प्लग, मूठभर होज क्लिप, डिझेलचा रबरी पाइप दीड मीटर, क्लचची केबल आणि ब्रेक ऑइलचा डबा गोणीत गेला. त्याबरोबर बाइंडिंग वायर, सायकलची जुनी ट्यूब, एम-सील, अंगाच्या साबणाची वडी आणि दहा लिटर पाण्याचा कॅन. साबणाची वडी पाहून नवख्या माणसाला आश्चर्य वाटते, पण दगड लागून डिझेलच्या टाकीला बारीक भोक पडले तर ओला न केलेला साबण त्यावर घासून दाबून बसवला की गळती थांबते, कारण साबण पाण्यात विरघळतो, डिझेलमध्ये सहजासहजी विरघळत नाही. प्रॉपेलर शाफ्टचा, म्हणजे इंजिनाची ताकद चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचा, क्रॉस (सांध्याचा तुकडा) हाही घ्यावा, असे काका म्हणाले होते. आमच्या मापाचा क्रॉस दुकानात दुसऱ्या दिवशी येणार होता आणि त्यासाठी अर्धा दिवस थांबणे मला नको होते. तो न घेताच आम्ही परतलो.

पहिला दिवस : नाशिक, पेठ, सुरगाणा, बोरगाव

पहाटे साडेसहाला नाशिकच्या थंडीत जीप सुरू करायला गेलो तर ती खोकत, थरथरत, पांढऱ्या धुराचा लोट सोडत कशीबशी चालू झाली. या जातीच्या इंजिनात डिझेल थेट सिलिंडरमध्ये न पडता आधी एका लहान कक्षात पडते; त्या कक्षाच्या थंड भिंती दाबलेल्या हवेची उष्णता शोषून घेतात, म्हणून सुरुवातीला हीटर प्लगने तो कक्ष तापवावा लागतो. पांढरा धूर म्हणजे न जळलेल्या डिझेलची वाफ. दोन मिनिटांत धूर गेला आणि इंजिन समान चालू लागले, म्हणून मी निघण्याची घाई करत होतो. काकांनी मात्र बॉनेट उघडायला लावले. चारही प्लगना जोडणारी पट्टी सोडवून त्यांनी टेस्ट लॅम्पचे एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरे एकेका प्लगच्या डोक्याला लावले. दोन ठिकाणी दिवा लागला, दोन ठिकाणी लागला नाही. इंजिन कोमट असतानाच ते दोन प्लग काढले, कारण थंड इंजिनात काजळीने धरलेला प्लग जोर लावल्यावर डोक्यातून तुटतो आणि मग हेड उतरवण्याची वेळ येते. या कामाला चाळीस मिनिटे गेली. थंडीत गाडी लवकर सुरू व्हावी म्हणून हवेच्या वाटेत स्टार्टिंग स्प्रे मारण्याची सवय काहींना असते. तापलेले हीटर प्लग असलेल्या इंजिनात ती अत्यंत धोकादायक आहे. तो वायू नको त्या क्षणी पेट घेऊन पिस्टन आणि रिंगा फोडू शकतो.

पेठ रोडने सावळघाटात उतरताना जीप तिसऱ्या गिअरमध्ये ठेवली होती. जड गाडी घाटात ब्रेकवर सोडली की ड्रम तापतात, लायनिंगचा करपट वास येऊ लागतो आणि पेडल दाबूनही गाडी धरत नाही. जेवढा गिअर चढायला लागेल तेवढाच उतरायला लावावा, हा घाटातला जुना नेम आम्ही पाळतो. अशा वेळी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मागून एक बारीक ‘टक्’ असा आवाज येत होता. पुन्हा पाय दिला की पुन्हा ‘टक्’. काकांनी विचारले, “ऐकलंस का रे?” मी म्हणालो, “मागचा जॅक हलत असेल, काका.” त्यांनी मागे वळून पाहिले, जॅकवर गोणी सरकवली आणि ते गप्प बसले.

पेठहून बाऱ्हेमार्गे सुरगाण्याला पोचेपर्यंत दुपार झाली. भाताची मळणी संपत आलेली होती, खाचरांत नुसते खुंट उरले होते. जेवून बोरगावच्या दिशेने चढाला लागलो आणि साधारण अर्ध्या तासाने जीपचा जोर कमी होऊ लागला. सपाटीला ती नीट धावे, चढाला पाय पूर्ण दिला की आचके देई, आणि शेवटी एका वळणावर इंजिन दोन-तीन गचके खाऊन बंद पडले. सेल्फ मारला तर इंजिन जोमाने फिरत होते, पण पेटत नव्हते आणि सायलेन्सरमधून धूरही येत नव्हता. ही शेवटची खूण फार महत्त्वाची आहे. फिरणाऱ्या डिझेल इंजिनातून धूर येत असेल तर डिझेल पोचते आहे आणि अडचण उष्णतेची किंवा कॉम्प्रेशनची आहे. धूरच नसेल तर डिझेल पोचत नाही.

इथे काकांनी ज्या क्रमाने तपासणी केली तो क्रम सविस्तर सांगण्यासारखा आहे, कारण रस्त्यावर थांबलेल्या डिझेल गाडीच्या बाबतीत बहुतेक वेळा कारण याच वाटेवर सापडते. त्यांनी प्रथम टाकीचे झाकण सैल केले. टाकीला हवा घेण्याचे भोक चिखलाने बुजले तर आत पोकळी तयार होते आणि पंपाला डिझेल ओढता येत नाही. तसे असते तर झाकण सोडताच ‘हुस्स’ असा आवाज आला असता. तो आला नाही. मग पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडची वायर पाहिली. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, तरी रोटरी पंपाच्या तोंडावरची ही छोटी वस्तू बॅटरीच्या करंटवरच उघडी राहते. तिची वायर सुटली तर उत्तम इंजिनही मेल्यासारखे पडते आणि लोक विनाकारण नॉझल (डिझेलचा फवारा मारणारे तोंड) काढत बसतात. चावी फिरवून वायर टेकवली-काढली की आतून ‘टिक’ ऐकू आले पाहिजे, आणि ते आले. वायर तुटलेली असती तर बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून थेट वायर देऊन घरी जाता येते. गाडी बंद करताना ती वायर काढायची एवढेच.

तिसऱ्या पायरीला फिल्टरच्या डोक्यावरचा एअर काढण्याचा स्क्रू सैल करून हँडपंप मारला, तेव्हा डिझेलऐवजी फेस आला. गाडीने हवा धरली होती. पण हवा काढून टाकणे हा अर्धाच उपाय आहे. ती शिरली कुठून हे शोधले नाही तर पाच-दहा किलोमीटरवर पुन्हा तेच होते. टाकीपासून पंपापर्यंतचा भाग ओढीचा असल्यामुळे तिथल्या फटीतून इंजिन चालू असताना डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते. म्हणूनच ही फट डोळ्यांना दिसत नाही. काकांनी सगळे जोड फडक्याने कोरडे पुसले, हँडपंप मारून दाब धरला आणि एकेका जोडाखाली कोरडे बोट फिरवले. फिल्टरच्या बँजो बोल्टखाली (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टखाली) बोट ओले झाले.

बोल्ट उघडला तर दोन्ही बाजूंचे तांब्याचे वॉशर झिजून, दबून कडक झालेले होते. नवे वॉशर घ्यायचे राहिले होते. बँजो पुन्हा कितीही आवळला तरी कडक तांबे बसत नाही, आणि जास्त आवळण्याच्या नादात बोल्ट तुटतो. काकांनी वॉशर तारेत ओवले आणि आम्ही दोघे वळणापुढच्या एका चहाच्या टपरीवर चालत गेलो. चुलीजवळ बसलेल्या मावशींना काकांनी विचारले, “मावशी, तुमच्या निखाऱ्यावर दोन मिनिटं हे धरू का?” मावशींनी लाकडे पुढे सरकवून निखारा मोकळा करून दिला. तारेला लटकलेले ते दोन वॉशर आधी काळे पडले, मग कडेने जांभळे झाले आणि हळूहळू सावलीत दिसेल एवढे मंद लाल झाले. काकांनी ते तसेच काही क्षण धरून पाण्याच्या तांब्यात सोडले. पोलाद लाल करून पाण्यात बुडवले तर कडक होते. तांबे मात्र नरम पडते, आणि वर आलेली काळी खपलीही पाण्यात सुटते. मी एक वॉशर नखाने दाबून पाहिला तर त्यावर नखाची खूण उमटली. बारीक पॉलिश पेपरवर दोन्ही बाजू घासून ते परत बसवले आणि बोल्ट बेताने आवळला.

मग हवा काढली. फिल्टरचा स्क्रू सैल ठेवून हँडपंप मारत राहिलो, फेस संपून अखंड डिझेल आले तसा स्क्रू बंद केला. त्यानंतर नॉझलवरचे दोन पाइपनट अर्ध्या आट्याने सैल करून मला सेल्फ मारायला सांगितले. तिथे आधी बुडबुडे आले, मग डिझेलचे झटके दिसू लागले आणि काकांनी नट आवळताच इंजिन पेटले. या कामात हात लांब ठेवायचा असतो. नॉझलमधले डिझेल शंभर बारहून अधिक दाबाने सुटते आणि तो फवारा कातडीतून आत शिरू शकतो; अशी जखम बाहेरून टाचणीएवढी दिसली तरी ती थेट दवाखान्यात नेण्यासारखी असते.

एवढी स्वच्छता आणि एवढे जपणे कशासाठी, हे नाशिककरांना वेगळे सांगायला नको. सातपूरकडे जाताना ज्या मायको सर्कलवरून आपण रोज वळतो ते नावच नॉझल आणि इंजेक्टर बनवणाऱ्या कारखान्यामुळे पडले आहे. मायको म्हणजे मोटर इंडस्ट्रीज कंपनी, जिचे नाव २००८ मध्ये बॉश झाले. तिथे काम केलेल्या कोणालाही विचारले तर तो सांगेल की पंप आणि नॉझलमधल्या सरकत्या भागांत दोन-चार मायक्रॉनची जागा असते, आणि माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉनचा असतो. रस्त्याकडेला उघडलेल्या पाइपच्या तोंडाला धूळ लागू नये म्हणून स्वच्छ फडके गुंडाळणे हे त्याच हिशेबाने आवश्यक ठरते. अंधार पडताना बोरगावला पोचलो आणि तिथेच मुक्काम केला.

दुसरा दिवस : हतगड, कनाशी, कळवण, सटाणा

सकाळी जीप एका सेल्फमध्ये सुरू झाली. रस्त्याच्या कडेला स्ट्रॉबेरीच्या पाट्या मांडायला सुरुवात झाली होती. एक पाटी घेतली आणि हतगडाच्या बाजूने कनाशीकडे निघालो. वाटेत काही ठिकाणी रस्त्यावरच पेंढा आणि नागलीची कणसे वाळत पसरली होती, आणि गाड्यांच्या चाकांखाली ती मळली जात होती. शेतकऱ्याची ती सोय आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यावरून गेल्यावर पुढे थांबून रेडिएटर पाहायला हवा होता आणि मी तो पाहिला नाही.

कळवणच्या अलीकडे तापमानाचा काटा नेहमीच्या जागेवरून वर सरकू लागला. मी गाडी कडेला घेऊन लगेच बंद करणार होतो, तोच काकांनी हात धरला. पाणी गेलेले नसेल आणि बेल्ट फिरत असेल तर तापलेले इंजिन एकदम बंद करू नये, कारण पाण्याचा पंप थांबतो आणि हेडमध्ये साठलेली उष्णता जागच्या जागी राहते; ते हलक्या आयडलवर चालू ठेवले तर काटा आपोआप उतरतो. पाणी गेले असेल किंवा बेल्ट तुटला असेल तर मात्र त्याच क्षणी बंद करायचे. आमचा बेल्ट शाबूत होता. पुढची जाळी काढून पाहिली तेव्हा रेडिएटरच्या फटींत तूस, पेंढ्याचा भुगा आणि गवताची कुसळे इतकी घट्ट बसली होती की दिवा धरला तर पलीकडे उजेड दिसत नव्हता. टूथब्रश आणि पाण्याची बाटली घेऊन इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेने, म्हणजे ज्या वाटेने कचरा आला त्याच्या उलट, तासभर साफ केले. घाईत स्क्रू ड्रायव्हरने टोचले की फटी वाकतात, म्हणून ब्रशच बरा.

तेवढ्या दाबाने वरचा होज पाइप मात्र फुगून क्लिपजवळ चिरला होता. इंजिन गार होईपर्यंत कॅपला हात लावला नाही. कॅप जवळपास एक बारचा दाब धरून ठेवते, म्हणून आतले पाणी १०० अंशांच्या पुढे, १२० च्या आसपासपर्यंत न उकळता राहते. कॅप उघडली की दाब जातो, त्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि तोंडावर उडते. चीर टोकाला असती तर तेवढा तुकडा कापून पाइप पुढे सरकवला असता, पण लांबी पुरत नव्हती. म्हणून पाइप पुसून कोरडा केला, सायकलच्या ट्यूबची लांब पट्टी ताणून-ताणून चिरेवर चार पदरांत गुंडाळली आणि वरून बाइंडिंग वायरचे वेढे पक्कडीने पिळले. मग कॅप एक टप्पा सैल बसवली, म्हणजे दाब धरला जात नाही आणि पट्टीवर जोर येत नाही. त्या बदल्यात पाणी लवकर उकळते, म्हणून वेग कमी ठेवावा लागतो आणि दर पंधरा-वीस किलोमीटरला थांबून, कॅपवर जाड फडके धरून पाणी पाहावे लागते.

रेडिएटरला बारीक गळती असेल तर ट्रकवाले त्यात हळद टाकतात. हळद फुगून भोकात बसते हे खरे आहे आणि आडरानात तो उपाय मी नाकारणार नाही, पण ती जिथे भोक नाही तिथेही बसते. हळद टाकलेली गाडी घरी पोचल्यावर रेडिएटर पूर्ण धुऊन घेतला नाही तर पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा तापणार.

कळवणला होज मिळाला, तिथेच बदलला आणि संध्याकाळी सटाण्याला मुक्कामी पोचलो. आरम नदीजवळ गाडी उभी करताना रिव्हर्स टाकला आणि पुन्हा पहिला गिअर टाकला. दोन्ही वेळा मागून ‘टक्’ आला. या वेळी काका काही बोलले नाहीत आणि मीही थकलो होतो.

तिसरा दिवस : ताहाराबाद, मुल्हेर, साल्हेर

मोसम खोऱ्यातला हा रस्ता मला संबंध जिल्ह्यात सर्वाधिक आवडतो. मुल्हेरच्या पुढे डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ येतात आणि वळणावळणाने साल्हेरचा माथा दिसू लागतो. साल्हेर हा १५६७ मीटर उंचीचा, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला आहे. १६७२ मध्ये याच्या परिसरात मराठ्यांनी मोगलांचा उघड्या मैदानातल्या लढाईत पराभव केला, आणि २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या मराठा लष्करी स्थापत्यातील बारा किल्ल्यांत त्याचाही समावेश झाला. आम्हाला पायथ्याच्या वाघांबे गावाजवळच्या कच्च्या वाटेने थोडे वर जाऊन तिथे दुपार घालवायची होती.

डांबर संपले तिथे उतरून पुढचे दोन्ही हब लॉक केले, फोर व्हीलचा दांडा लो मध्ये टाकला आणि दगडगोट्यांच्या चढाला लागलो. दोनशे-तीनशे मीटर गेलो असू. मागून आधी किरकिर आली, मग पाठोपाठ तीन-चार मोठे ठोके बसले आणि गाडीच्या तळाशी कोणी घण मारावा तसा धडाका झाला. मी क्लच दाबला, ब्रेक धरला. काकांनी उतरून आधी मागच्या दोन्ही चाकांखाली दगड दिले आणि मगच खाली वाकून पाहिले.

मागच्या प्रॉपेलर शाफ्टचा डिफरन्शियलकडचा, म्हणजे मागच्या आसाकडचा, क्रॉस गेला होता. अधिक चिन्हाच्या आकाराचा हा लोखंडी तुकडा, त्याच्या चार टोकांवर चार टोप्या आणि प्रत्येक टोपीत सुईसारखे बारीक रोलर असतात. शाफ्ट वर-खाली कोनात राहूनही फिरू शकतो तो यांच्यामुळे. चारांपैकी एक टोपी जागा सोडून बाहेर आली होती आणि तिच्याभोवती गंजाची लालसर भुकटी पसरली होती. ग्रीस संपलेल्या क्रॉसची ती खूण असते, आणि ती दिसायला गाडीखाली एकदा डोके घातले असते तरी पुरले असते. पावसाळ्यात ही जीप कितीतरी ओढ्यांतून गेली होती. पाण्यातून गेल्यानंतर क्रॉसच्या निपलला ग्रीसगन लावायची असते आणि त्या वर्षी मी एकदाही लावली नव्हती.

एवढ्यात गुरे घेऊन जाणारा एक माणूस थांबला. “काय व्हयनं भाऊ?” असे अहिराणीत विचारून, उत्तराची वाट न पाहता त्याने चाकाखाली आणखी दोन मोठे दगड आणून लावले. त्याच्या मदतीला आम्ही त्या दिवशी फार ऋणी राहिलो, कारण पुढचे काम उतारावर करायचे होते.

फोर व्हील गाडीला अशा वेळी एक वाट असते जी साध्या जीपला नसते, आणि काकांनी तीच घेतली. आमच्या गाडीच्या ट्रान्सफर केसमध्ये (ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या गिअरपेटीत) मधला डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी, नाही; फोर व्हीलचा दांडा टाकला की पुढे आणि मागे जाणारे दोन्ही शाफ्ट आतल्या आत एकमेकांना पक्के जोडले जातात. त्यामुळे मागचा शाफ्ट पूर्ण काढून टाकला तरी पुढचा शाफ्ट फिरतच राहतो आणि गाडी पुढच्या दोन चाकांवर चालते. मात्र आधी शाफ्टची ट्रान्सफर केसकडची बाजू पाहावी लागते. तिथे बोल्टचा फ्लँज असेल तर शाफ्ट निर्धास्त काढावा. शाफ्टचे टोक सरळ केसमध्ये घुसणारे असेल तर तो ओढताच गिअर ऑइल बाहेर येते. आमच्याकडे फ्लँज होता.

शाफ्ट काढण्याआधी काकांनी खिशातून खडूचा तुकडा काढला. दोन्ही फ्लँजवर आरपार एक रेघ आणि शाफ्टच्या मधल्या सरकत्या जोडावर आणखी एक रेघ, अशा खुणा केल्या. तो सरकता जोड एखादा दात फिरून बसला तर दोन्ही टोकांचे क्रॉस एका रेषेत राहत नाहीत, शाफ्ट असमान फिरतो आणि पन्नासच्या पुढे अख्खी गाडी थरथरते. मग आठही बोल्ट सोडवले. त्यातले दोन गंजून इतके धरले होते की रिंग पान्यावर पाइप चढवून, आधी किंचित आवळून आणि मग सोडवून ते निघाले. डिझेलात भिजवलेली चिंधी त्यांच्याभोवती दहा मिनिटे गुंडाळून ठेवल्याचाही उपयोग झाला. बोल्ट, नट आणि स्प्रिंग वॉशर स्ट्रॉबेरीच्या रिकाम्या डब्यात ठेवले आणि शाफ्ट गोणीत बांधून मागे टाकला.

शाफ्ट निघाल्यावर एक गोष्ट विसरून चालत नाही. दांडा टू व्हीलमध्ये असेल तर गिअरमध्ये ठेवलेली गाडीही आता उतारावर धरून राहत नाही, कारण इंजिन आणि चाके यांचा संबंधच उरलेला नसतो. म्हणून दांडा फोर हायमध्ये टाकून, हब लॉक आहेत याची दोन्ही चाकांवर हाताने खात्री करून, मगच एकेक दगड काढला. लो गिअर मुद्दाम टाळला. लो मध्ये वाढलेला सगळा जोर एकट्या पुढच्या शाफ्टवर आणि पुढच्या हाफ शाफ्टवर जातो आणि ते त्यासाठी केलेले नसतात. चढ रद्द केला. उतार धरून मी इंचाइंचाने गाडी खाली आणली, काका पुढे चालत मोठे दगड बाजूला सारत होते.

रात्री वाघांब्यात एका घरी भाकरी, ठेचा आणि उडदाचे वरण मिळाले. साल्हेर पायथ्यावरूनच पाहिला.

चौथा दिवस : सटाणा आणि नाशिक

सकाळी पुढच्या चाकांवर सटाण्याकडे निघालो. फोर व्हील टाकून कोरड्या डांबरावर चालवू नये, असे एरवी आम्ही सर्वांना सांगतो, कारण वळणावर पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात आणि मधला डिफरन्शियल नसल्यामुळे शाफ्टना पीळ बसतो. आज मागचा शाफ्टच नव्हता, त्यामुळे पीळ बसण्याचा प्रश्न नव्हता. स्टिअरिंग मात्र जड लागत होते आणि वळणात ॲक्सिलरेटर दिला की ते हातात ओढ घेत होते. वेग चाळीसच्या आत ठेवला. मुल्हेर आणि ताहाराबादला थांबून पुढच्या दोन्ही हबना हात लावून पाहिला. कोमट होते, तापलेले नव्हते.

सटाण्यातल्या एका ट्रॅक्टर-जीप दुरुस्तीच्या गॅरेजात आमच्या मापाचा क्रॉस मिळाला. मिस्त्रींनी जुना क्रॉस व्हाइसमध्ये धरून टोप्या ठोकून काढल्या. बाहेर आलेली चौथी टोपी पालथी केली तेव्हा तिच्यातून रोलर पडलेच नाहीत. चहाच्या भुकटीसारखा कोरडा चुरा कागदावर सांडला आणि त्यात तुटक्या सुईच्या टोकांसारखे दोन-तीन तुकडे चमकले. शेजारच्या टोपीत रोलर होते, पण क्रॉसच्या दांड्यावर त्यांनी नखाला लागतील एवढ्या खाचा पाडल्या होत्या. सावळघाटातला ‘टक्’ याच खाचांचा होता. नवा क्रॉस बसवताना मिस्त्रींनी प्रत्येक टोपीत रोलर ग्रीसने चिकटवून उभे केले, कारण एखादा रोलर आडवा पडला तर टोपी पूर्ण बसत नाही आणि खाचेत सर्क्लिप (टोपी अडकवून ठेवणारी कडी) जात नाही. सर्क्लिप बसल्यावर त्यांनी क्रॉस बोटाने चारही दिशांना हलवून पाहिला, मग ग्रीसगन लावली आणि चारही टोप्यांच्या कडेने ग्रीस डोकावेपर्यंत मारली. खडूच्या रेघा जुळवून शाफ्ट चढवला.

त्याच वेळी काकांनी मागची चाके जॅकवर घ्यायला लावली आणि ड्रमच्या मागच्या बाजूला बोट फिरवले. डाव्या चाकात व्हील सिलिंडरचा ओलसरपणा सुरू झाला होता. एखादा पाइप बंद करून तीन चाकांच्या ब्रेकवर गाडी नेण्याची युक्ती त्यांना ठाऊक आहे आणि एरवी मी ती त्यांच्याकडून ऐकलेलीही आहे. “ब्रेक आणि स्टिअरिंगला जुगाड नाही,” एवढेच म्हणून त्यांनी सिलिंडरचे रबर किट मागवले. त्यात आणखी दोन तास गेले आणि मला त्याची अजिबात खंत नाही.

देवळा, चांदवड, पिंपळगाव बसवंत, ओझर करत रात्री नऊच्या सुमारास नाशिकला पोचलो. महामार्गावर जीप एका सुरात चालत होती, काटा मध्यावर स्थिर होता. घराच्या गल्लीत वळल्यावर मी इंजिन बंद करणार तोच काकांनी काच खाली केली.

“थांब. एकदा रिव्हर्स टाक. आता पहिला टाक.”

ते खिडकीतून डोके बाहेर काढून मागच्या चाकाकडे कान देऊन बसले होते. मी पुन्हा रिव्हर्स टाकला, पुन्हा पहिला टाकला, आणि या वेळी मीही काच खाली करून ऐकत होतो.